मागून येणारा घोडा: स्पीड फिगर काढण्यापासून तिकिटापर्यंत

शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, दाणीवर जोडी एकटी सुटते, धुरकरी (जोडी हाकणारा) पहिल्या ढांगेपासून सारा जोर लावतो आणि घड्याळात जे सेकंद येतात ते त्या जोडीचेच असतात. तळेगाव दशासरच्या पटाला लहानपणापासून जाणारा माणूस मुंबईच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेला की सेकंद वाचायची हीच सवय सोबत नेतो. तिथे मात्र आठ-दहा घोडे एकत्र धावतात. सुरुवात हळू झाली तर शेवट वेगवान होतो, सुरुवात तुफान झाली तर शेवटी सगळेच दमतात. रेसमधले सेकंद अर्धे घोड्याचे असतात आणि अर्धे, त्या दिवशी पुढे कोण होतं आणि कसं पळालं, याचे.

सर्वांत जास्त फसगत मागून येणाऱ्या घोड्याबाबत होते. आमच्या धामणगाव-पुलगाव पट्ट्यातल्या शौकिनांच्या वह्या मी चाळल्या आहेत. बहुतेकांच्या वहीत घोड्याचं नाव आणि त्यापुढे एकच आकडा असतो: शेवटच्या ६०० मीटरचा वेळ. ज्याचा आकडा लहान त्याच्यावर पैसे. मीही तीन हंगाम हेच केलं आणि त्यात चांगले पैसे घालवले. स्पीड फिगर, म्हणजे घोड्याच्या वेगाला दिलेला आकडा, काढण्याचा खालचा क्रम त्यानंतर बसवलेला आहे. पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. पाचवी पायरी आधी आणि तिसरी नंतर केली की आकडे बरोबर दिसतात, पण निष्कर्ष चुकतो.

इशारा: पैज फक्त रेसकोर्सच्या आवारात, टोटच्या (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) खिडकीवर किंवा तिथल्या परवानाधारक बुकीकडेच लावायची. तालुक्याच्या ठिकाणी बसून फोनवर पैज घेणारा माणूस बेकायदेशीर धंदा करतो. तो जिंकलेले पैसे बुडवतो तेव्हा तुम्हाला कुठेही दाद मागता येत नाही. पटावर जोडीवर पैसे लावणं हाही जुगारच आहे. या लेखातलं काहीही तिथे वापरू नका.

## पायरी १: घरून निघण्याआधी

पुण्याचा हंगाम साधारण जुलैत, आपल्या पेरणीच्या धांदलीत सुरू होतो, आणि मुंबईचा नोव्हेंबरमध्ये, कापूस वेचणीला आल्यावर. दोन्ही वेळेला घरात पैशाची ये-जा असते. म्हणून रेसचे पैसे हंगाम सुरू होण्याआधीच वेगळे काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर रक्कम लिहा. पीककर्ज, कापसाचा चुकारा, पोरांची फी यांना हात लागणार असेल तर रेस फक्त पाहायला जा. पाहण्यातही खूप शिकता येतं.

सामान थोडंच लागतं: आडव्या रेघांची जाड वही, गुणाकार-भागाकार करणारं साधं कॅल्क्युलेटर, मोबाईलमधलं स्टॉपवॉच आणि मागच्या रेसचे व्हिडिओ. शनिवारी संध्याकाळी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली की रविवारी सकाळी मुंबईत उतरता येतं. पण गाडीत बसून वही लिहायला घेऊ नका. सगळं गणित गुरुवार-शुक्रवारपर्यंत घरीच झालेलं असावं. गाडीत फक्त उजळणी.

## पायरी २: नेहमीचा वेळ ठरवा

एखादा घोडा वेगाने धावला म्हणायचं तर कशापेक्षा वेगाने, हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक रेसकोर्सचं प्रत्येक अंतर आणि प्रत्येक वर्ग यांचा नेहमीचा वेळ काढायचा. वर्ग म्हणजे हॅन्डिकॅप रेटिंगवरून, घोड्याच्या कुवतीला दिलेल्या अधिकृत गुणांवरून, पडणारे क्लास. पहिल्या क्लासचे घोडे आणि पाचव्या क्लासचे घोडे एकाच पट्टीने मोजायचे नाहीत.

मागच्या दोन हंगामांतल्या विजेत्यांचे वेळ चढत्या क्रमाने लिहा. दोन्ही टोकांचे काही खोडा आणि उरलेल्यांतला मधला घ्या. सरासरी काढू नका. पावसातली एखादी चिखलाची रेस सरासरीला कुठल्या कुठे ओढून नेते.

मुंबई आणि पुणे यांची पानं वेगळी ठेवा. पुण्याला पावसाळ्यातल्या ओल्या ट्रॅकच्या रेससाठी आणखी एक पान ठेवलंत तर उत्तम.

## पायरी ३: त्या दिवशीचा ट्रॅक किती हळू होता

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ती गाळली की पुढचं सगळं वाया जातं.

एका दिवसाच्या सगळ्या रेस घ्या. प्रत्येकीत विजेत्याच्या वेळातून नेहमीचा वेळ वजा करा. अंतरं वेगवेगळी असल्यामुळे फरक १६०० मीटरच्या हिशोबात आणा: फरकाला १६०० ने गुणायचं आणि त्या रेसच्या अंतराने भागायचं. समजा सात रेसचे फरक असे आले: +०.४, +०.६, +०.५, +२.१, +०.७, +०.३, +०.८. सरासरी काढली तर ०.७७ येते. पण +२.१ ची रेस ही पुढच्या घोड्यांनी रमतगमत काढलेली रेस आहे, तिचा ट्रॅकशी संबंध नाही. रांगेत मधला आकडा ०.६ आहे. तो दिवस ०.६ सेकंदाने हळू होता असं धरा आणि त्या दिवशीच्या १६०० मीटरच्या प्रत्येक घोड्याच्या वेळातून ०.६ वजा करा. बाकी अंतरांना त्याच प्रमाणात कमी-जास्त.

पेनेट्रोमीटरचा (ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या साधनाचा) आकडा जाहीर होतो, तोही पानाच्या कोपऱ्यात लिहा, पण त्याच्यावर विसंबू नका. फॉल्स रेल, म्हणजे आतल्या कडेचं तात्पुरतं कुंपण, लावलेली असेल तर तीही नोंदवा. रेल बाहेर सरकली की वळणावर घोड्यांना जास्त अंतर कापावं लागतं आणि त्या दिवशीचे सगळे वेळ वाढतात.

तपासणी: हातात चारपेक्षा कमी रेस असतील, किंवा दिवसाच्या मध्येच मोठी सर आली असेल, तर दिवसाचा एकच फरक काढू नका. पावसाआधीच्या आणि नंतरच्या रेस वेगळ्या करा.

## पायरी ४: हरलेल्या घोड्याचा वेळ आणि फिगर

निकालात सहसा विजेत्याचा वेळ असतो, बाकीच्यांची अंतरं लेंथमध्ये. एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, सुमारे २.४ मीटर. रेसच्या वेगात सहा लेंथला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे एक लेंथ ०.१७ सेकंद. मागून येणारा घोडा तीन लेंथने हरला असेल तर विजेत्याच्या वेळात अर्धा सेकंद मिळवा.

फिगर मी लेंथमध्येच काढतो, कारण डोळ्याला लेंथ दिसते. नेहमीचा वेळ म्हणजे १००. दिवसाचा फरक वजा केल्यानंतर घोडा त्याहून एक सेकंद वेगात आला तर १०६, एक सेकंद हळू आला तर ९४.

वजन विसरू नका. मैलाच्या आसपासच्या रेसमध्ये एका किलोला एक लेंथ हा ढोबळ हिशोब चालतो. मागच्या वेळी ५२ किलोवर धावलेला घोडा या वेळी ५६ वर असेल, तर त्याच्या फिगरमधून चार कमी करूनच त्याची इतरांशी तुलना करा.

इशारा: जॉकीने शेवटच्या पन्नास मीटरवर घोडा सोडून दिला असेल तर विजयाचं अंतर खोटं असतं. व्हिडिओ न पाहता फक्त निकालावरून लेंथ उचलू नका.

## पायरी ५: शेवटचे ६०० मीटर, पण पूर्ण रेसच्या तुलनेत

आता तो लाडका आकडा. तो निरुपयोगी नाही, एकटा ठेवला तर घातक आहे.

आधी घोड्याचा स्वतःचा शेवटचा वेळ काढा. पुढचा घोडा ६०० च्या खांबाशी, म्हणजे शेवटाला ६०० मीटर उरतात तिथल्या खांबाशी, आला तेव्हापासून विजेता पोहोचेपर्यंतचा वेळ घ्या. मग व्हिडिओ थांबवून तुमचा घोडा त्या खांबाशी पुढच्यापासून किती लेंथ मागे होता ते मोजा.

एक रेस घेऊ, तिला 'अ' म्हणू. १६०० मीटर, विजेता ९८.० सेकंद, शेवटचे ६०० मीटर ३६.० सेकंदांत. आपला घोडा खांबाशी आठ लेंथ मागे होता, शेवटी एक लेंथने हरला. खांबाशी तो १.३३ सेकंद उशिरा आला, शेवटी ०.१७ सेकंद उशिरा. त्याचे शेवटचे ६०० मीटर: ३६.० + ०.१७ − १.३३ = ३४.८४ सेकंद. पूर्ण रेस: ९८.१७.

आता दोन वेग काढा. शेवटच्या ६०० चा वेग: ६०० भागिले ३४.८४, म्हणजे सेकंदाला १७.२२ मीटर. पूर्ण रेसचा वेग: १६०० भागिले ९८.१७, म्हणजे १६.३० मीटर. पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणा: १०५.६. याला मी शेवटचा टक्का म्हणतो. १०० म्हणजे घोडा शेवटी त्याच वेगाने आला ज्या वेगाने एकूण धावला. १०० च्या वर म्हणजे सुरुवातीला त्याने ताकद राखली. १०० च्या खाली म्हणजे सुरुवातीलाच ताकद खर्ची पडली.

प्रत्येक रेसकोर्सचा आणि अंतराचा नेहमीचा शेवटचा टक्का वेगळा असतो, तोही पायरी २ प्रमाणे काढून ठेवायचा. या उदाहरणात तो १०० धरू.

तपासणी: व्हिडिओवरून एकच खांब तीन वेळा मोजा आणि मधला वेळ घ्या. कॅमेरा खांबाला तिरका असतो, त्यामुळे घोडा खांबाला नेमका कधी भिडला ते फसवं दिसतं. तीन वेळांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त तफावत असेल तर ती रेस वहीत धरू नका. माझ्या वहीत अशा रेसपुढे फक्त फुली आहे.

## पायरी ६: दोन उड्या, दोन अर्थ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दुसरी रेस, 'ब'. तेच अंतर, तोच वर्ग. विजेता ९६.६ सेकंद, शेवटचे ६०० मीटर ३७.२ सेकंदांत. आपला दुसरा घोडा खांबाशी दहा लेंथ मागे, शेवटी एक लेंथने हरला. त्याचे शेवटचे ६०० मीटर: ३७.२ + ०.१७ − १.६७ = ३५.७० सेकंद. पूर्ण रेस ९६.७७. शेवटचा टक्का १०१.७.

फक्त शेवटचे सेकंद पाहणारा माणूस म्हणेल, अ घोडा ३४.८४ मध्ये आला, ब ३५.७० मध्ये, म्हणजे अ जवळजवळ एका सेकंदाने सरस. फक्त फिगर पाहणारा दुसरंच म्हणेल. समजा अ चा दिवस ०.६ ने हळू होता, ब चा दिवस ०.२ ने वेगवान, आणि नेहमीचा वेळ ९७.४. मग अ ची फिगर ९९ येते आणि ब ची १०३ च्या जवळ. म्हणजे ब चार लेंथने सरस. दोघांचीही आकडेमोड बरोबर आहे, पण दोघांनीही निम्मीच रेस पाहिली.

अ च्या रेसमध्ये पहिले १००० मीटर ६२.० सेकंदांत गेले. पुढचे घोडे आरामात होते, त्यांच्यात शेवटासाठी ताकद शिल्लक होती. अशा रेसमध्ये मागे पडलेल्या घोड्याचं नुकसान होतं, कारण पुढचे थांबत नाहीत. तरीही हा घोडा आठ लेंथचं अंतर एकावर आणतो. त्याची ९९ ही फिगर त्याला मिळालेल्या रेसची आहे, त्याच्या पूर्ण ताकदीची नाही.

ब च्या रेसमध्ये पहिले १००० मीटर ५९.४ सेकंदांत गेले. त्या रेसच्या विजेत्याचासुद्धा शेवटचा टक्का ९७.४ आहे, म्हणजे पुढचे सगळे मोडून पडले. आपला घोडा 'उडत' आला असं स्टँडवरून वाटलं, पण खरं तर तो थोडाच वेगात होता आणि बाकीचे हळू होत होते. पटावर कधी दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटल्या आणि एकीने अर्ध्यातच दम टाकला की दुसरी उगीच जास्त वेगात दिसते, तसंच. त्याची १०३ ही फिगर खरी आहे, पण ती सगळं मनासारखं जुळून आलं तेव्हाची आहे.

माझा नियम असा: शेवटचा टक्का नेहमीपेक्षा जितका जास्त, तितके पूर्ण गुण फिगरमध्ये मिळवायचे, पण तीनपेक्षा जास्त कधीच नाही. अ ची फिगर मी १०२ धरतो. ब ला हे गुण देत नाही, कारण त्याच्या रेसमध्ये पुढचे मोडून पडले होते, पण त्याच्या फिगरमधून काही कापतही नाही. मात्र पुढच्या रेसमध्ये पेस (पुढच्या घोड्यांनी धरलेला सुरुवातीचा वेग) तुफान होण्याची शक्यता नसेल तर ती फिगर त्याच्याकडून पुन्हा मिळेल असं धरत नाही.

तीनची मर्यादा का? कारण काही घोडे सवयीनेच मागे राहतात, शेवटी दिसायला छान येतात आणि दरवेळी दुसरे-तिसरे येतात. मर्यादा नसेल तर दरवेळी तेच घोडे तुमच्या वहीत सर्वांत वर येतील. सलग चार रेसमध्ये शेवटचा टक्का १०४ च्या वर आणि एकही विजय नाही, असा घोडा दिसला की त्याच्या नावापुढे मी 'उशीर' असा शब्द लिहितो. मग त्याला ना जास्तीचे गुण, ना जिंकण्याचं तिकीट.

नेहमीच्या चुका:

- १२०० मीटरला मागून आलेला घोडा १६०० ला नक्की जिंकेल असं धरणं. त्याचे शेवटचे २०० मीटर आधीच्या ४०० इतक्याच वेगाचे होते का ते पाहा. शेवटच्या २०० मध्ये तोही उतरला असेल तर अंतर वाढवून काही मिळणार नाही.
- वाट अडली म्हणून मनाने चार-पाच लेंथ बहाल करणं. जॉकीला घोडा खरोखर आवरावा लागला असेल तरच एखादी लेंथ द्या. वाट अडणं हा मागून येणाऱ्या घोड्याच्या आयुष्याचा भाग आहे, अपघात नाही.
- सकाळच्या कसरतीचा '६००/३८' (६०० मीटर ३८ सेकंदांत) असा आकडा पाहून रेसच्या शेवटच्या ६०० शी तुलना करणं. वजन, जोर, ट्रॅक, काहीच सारखं नसतं.

## पायरी ७: येत्या रेसचा पेस

कार्ड, म्हणजे येत्या रेसमधल्या घोड्यांची यादी, आलं की आधी आपल्या घोड्याकडे पाहू नका. कोण पुढे धरणार ते मोजा. प्रत्येक घोड्याच्या मागच्या तीन रेस पाहा आणि पहिल्या २००-३०० मीटरनंतर पहिला किंवा दुसरा असणाऱ्यांपुढे 'पु' लिहा.

'पु' एकच असेल तर तो आरामात पुढे जाईल आणि मागून येणाऱ्यांची रेस अवघड होईल. घोडे पाच-सहाच असतील तर आणखीनच. तीन किंवा जास्त 'पु' असतील, आणि त्यांतला एखादा पुढे नसला की धावतच नाही असा असेल, तर पेस खरा होईल. अ सारखा घोडा तेव्हाच घ्यायचा. शेवटच्या क्षणी एखादा 'पु' रद्द झाला तर पूर्ण हिशोब पुन्हा करा. ही गोष्ट मी एकदा केली नाही. तीन 'पु' मधले दोन रद्द झाले होते, उरलेल्या एकाने रेस पुढूनच मारली, आणि माझा घोडा शेवटी फार सुंदर धावून चौथा आला.

## पायरी ८: भाव आणि तिकीट

रेसमधल्या प्रत्येक घोड्याला जिंकण्याची टक्केवारी द्या. सगळ्यांची बेरीज बरोबर १०० झाली पाहिजे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची बेरीज हमखास १३० च्या पुढे जाते, कारण प्रत्येक आवडत्या घोड्याला आपण थोडं थोडं जास्त देतो. कापा, १०० वर आणा.

मग कर. घोडदौडीच्या पैजेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे आणि तो पैजेच्या पूर्ण रकमेवर लागतो. १०० रुपयांच्या तिकिटाला खिशातून १४० जात असतील तर हिशोब १४० चाच करायचा. तुमच्या मते घोड्याची शक्यता २० टक्के आहे. कर नसता तर १०० रुपयांच्या तिकिटावर ५०० परत मिळाले की बरोबरी. आता १४० ला ०.२० ने भागा: ७०० मिळाले तरच बरोबरी. म्हणजे टोटवर १० रुपयांमागे ७० च्या वर डिव्हिडंड (जिंकल्यास परत मिळणारी रक्कम) दिसत नसेल तर ते तिकीट घ्यायचंच नाही, घोडा कितीही आवडता असो. याखेरीज जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत.

हे गणित कडक आहे. पूर्ण दिवसात एकही तिकीट निघू नये असं वारंवार होतं. तेव्हा तिकीट काढू नका.

भाव बसला तर विन (घोडा पहिला येण्यावर) की प्लेस (पहिल्या दोन-तिघांत येण्यावर)? मागून येणारा घोडा दुसरा-तिसरा वारंवार येतो म्हणून प्लेस सुरक्षित वाटते. पण प्लेसचा डिव्हिडंड कर भरून बहुधा पुरत नाही. वर सांगितलेला भागाकार प्लेसच्या शक्यतेसाठी वेगळा करा आणि मगच ठरवा. क्विनेला, तनाला, जॅकपॉट या एकाहून जास्त घोडे एकत्र ओळखायच्या पैजांच्या मागे लागू नका. एका घोड्याची शक्यता नीट काढायला शिकेपर्यंत तीन घोड्यांचा क्रम लावण्यात अर्थ नाही.

एका तिकिटाला हंगामाच्या रकमेच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त नाही. हंगामाला ५,००० बाजूला काढले असतील तर करासकट १००. हरल्यावर दुप्पट करायचं नाही, जिंकल्यावरही नाही.

तपासणी, खिडकीवर जाण्याआधी: दिवसाचा फरक वजा केला का? वजनाचा हिशोब केला का? 'पु' किती, आणि ते सगळे धावताहेत का? भाव ठरवलेल्या आकड्याच्या वर आहे का? चारपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर रांगेतून बाहेर या.

## पायरी ९: रेस संपल्यावर

निकालाचा फलक पाहायच्या आधी तीन गोष्टी लिहा: ६०० च्या खांबाशी घोडा किती मागे होता, त्याला मोकळी वाट कधी मिळाली, आणि शेवटच्या २०० मध्ये तो वेग धरून होता की फक्त बाकीचे थांबले होते. निकाल पाहिल्यावर डोळा बदलतो. जिंकलेला घोडा 'उडालेला' आठवतो आणि हरलेल्याची वाट 'अडलेली' आठवते. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने परतताना मी व्हिडिओ पुन्हा पाहतो आणि माझी नोंद त्याच्याशी ताडून घेतो. पहिल्या वर्षी अंतराचा अंदाज तीन-तीन लेंथने चुकायचा. आता बहुतेक वेळा एका लेंथच्या आत असतो, आणि तो एका लेंथच्या आत येईपर्यंत तुम्हीही खिडकीकडे जाऊ नका.